गांडीव गळून पडल्यावर

मुलींच्या फास्ट-पिच सॉफ्टबॉलमध्ये पिचरची जागा होम प्लेटपासून ४३ फुटांवर असते. पिचर पुढे झेपावत चेंडू सोडते, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर आणखी पाच-सहा फुटांनी कमी होतं. चेंडू ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास आला, तर बॅटरपर्यंत पोचायला त्याला अर्धा सेकंदही लागत नाही. घेर बारा इंच, वजन १८० ते २०० ग्रॅमच्या मधलं. नाव सॉफ्टबॉल असलं तरी त्यात सॉफ्ट असं काही नाही. ज्याच्या बोटावर तो एकदा बसलाय त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

समजा, बोट मोडलं. प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, एक्स-रे पाहून डॉक्टरांनी ‘खेळायला हरकत नाही’ असं चिठ्ठीवर लिहून दिलं. पोरगी पुन्हा बॅटर्स बॉक्समध्ये उभी राहते. पिचरचा हात गोल फिरतो, चेंडू सुटतो आणि त्याच क्षणी तिचा डावा पाय पिचरच्या दिशेने पडायचा तो तिरपा, थर्ड बेसच्या बाजूला पडतो. पाय गेला की कंबर उघडते, कंबर उघडली की डोकं वर होतं, आणि बाहेरच्या कडेवरून जाणारा साधा स्ट्राइक बॅटच्या टोकालाही लागत नाही. मैदानावर याला ‘पाय पळतो’ म्हणतात. तिने पाय पळवायचं ठरवलेलं नसतं. व्हिडिओ दाखवला तर तिलाच खरं वाटत नाही. बोटाचं हाड जुळून आलेलं असतं, पकड पूर्वीसारखी घट्ट असते, खांद्यात जोर असतो. मग पाय पळवतो कोण?

हा प्रश्न वरवर क्रीडा मानसशास्त्राचा वाटतो. खोदत गेलं की तो फार जुन्या वादाशी जाऊन भिडतो: विश्वास आधी येतो की कृती? श्रद्धा असल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, की पाऊल टाकल्याशिवाय श्रद्धा येतच नाही?

हा वाद मलकापुरात मांडण्याला कारण आहे. हे कापसाचं, जिनिंगचं गाव मुंबई–नागपूर लोहमार्गावर, वऱ्हाड आणि खानदेश जिथे एकमेकांत मिसळतात तिथे वसलेलं आहे. एका अंगाला जळगाव, दुसऱ्या अंगाला अमरावती, आणि महाराष्ट्रातला सॉफ्टबॉल ज्या भागांतल्या शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर वाढला त्यांत हा पट्टा मोडतो. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, तिथून शिकून बाहेर पडलेले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक विदर्भभर सापडतात. मोठ्या शहरांत क्रिकेटच्या सावलीत दिसेनासा होणारा हा खेळ इथे शालेय स्पर्धांच्या वेळापत्रकात मानाने असतो. आणि तो नुसता हौसेचा नसतो. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढलेल्या खेळाडूला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. घरी चार एकर कोरडवाहू असलेल्या मुलीसाठी राज्यस्पर्धेचं प्रमाणपत्र म्हणजे पोलीस भरतीच्या रांगेत पुढे सरकण्याची एक संधी असते. तिच्या पळणाऱ्या पायाचं ओझं एवढं असतं.

अशा मुलीला जो तो उपदेश करतो. प्रशिक्षक म्हणतात, “भेतं काहून वं? बॉल पाहाय फक्त!” घरचे म्हणतात, शेगावला जाऊन ये, गाडीने नांदुरा, जळंब आणि मग शेगाव, फार लांब नाही. शाळेतले गुरुजी गीता सांगतात: कर्म करत राहा, फळाची आशा धरू नको.

यातलं शेवटचं सांत्वन सगळ्यात भारदस्त आणि बहुतेक वेळा सगळ्यात निरुपयोगी. बॅट फिरवायची आणि चेंडू लागावा अशी इच्छाच धरायची नाही, हे कुणाला जमणार? चेंडू लागावा हाच तर त्या कर्माचा आकार आहे. नेम धरणं हा तिरंदाजीचा भाग आहे. नेम न धरता बाण सोडावा असं कृष्ण अर्जुनाला कुठेही सांगत नाही. पण गुरुजी ज्या श्लोकाचा आधार घेतात, त्याला चार चरण आहेत. पहिले दोन सगळ्यांच्या तोंडी असतात, तिसरा काहींना ठाऊक असतो, चौथ्यापर्यंत फार थोडे जातात. त्या चौथ्या चरणात कृष्ण बजावतो, की काही न करण्याचीही आसक्ती जडू देऊ नकोस.

दुखापतीतून उठलेल्या बॅटरचा खरा आजार इथे आहे. तिला फळाची हाव सुटलेली नसते. तिला न खेळण्याची चटक लागलेली असते. ती पिच सोडून देते, चार बॉल पडून वॉक मिळावा म्हणून वाट पाहते, हिटची खूण आली तरी बंटसाठी बॅट आडवी धरते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरीचा ‘डोळा’ सुधारला, संयम आला. आकडेवारीतही ते चांगलं दिसतं, कारण वॉक म्हणजे पहिला बेस. (या खेळाचा एक नियम तर भलताच दयाळू आहे: चुकवायचा प्रयत्न करूनही चेंडू अंगावर बसला, तर पहिला बेस फुकट.) पण तिचं तिला आतून ठाऊक असतं, की हा संयम नाही, हे लपणं आहे. स्विंगच केला नाही तर चुकण्याचा प्रश्न नाही, आणि जुना खेळ गेला आहे की राहिला आहे, याचा निकालही लागत नाही.

गीतेकडे या बाजूने पाहिलं तर तिची सुरुवातच निराळी दिसू लागते. पहिल्या अध्यायात अर्जुन जे सांगतो, ती हात गेलेल्या खेळाडूने स्वतः दिलेली लक्षणांची यादी आहे. अवयव गळून जाताहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, कातडीची आग होते आहे, गांडीव हातातून निसटतं आहे, उभं राहवत नाही, मन भिरभिरतं आहे. थोड्याच काळापूर्वी विराटाच्या गायी सोडवताना याच माणसाने कौरवांची अख्खी फळी एकट्याने परतवली होती. शरीराला काहीही झालेलं नाही. तरी हात चालत नाही, आणि तो त्या न चालण्याला तत्त्वज्ञानाचा मुलामा देतो: कुलक्षय, वर्णसंकर, भिक्षा मागून जगलेलं बरं. त्याचे मुद्दे खोटे नाहीत. पण ते आले आहेत हात गळाल्यानंतर, हे कृष्णाच्या ध्यानात आलेलं असतं. बंट करणारी बॅटरही अशीच सयुक्तिक कारणं देते.

पुढे सतरा अध्याय गेल्यावर अर्जुन काय म्हणतो, हेही पाहण्यासारखं आहे. ‘आता मी जिंकणार’ असा त्याचा सूर नसतो. मोह गेला, स्मृती परत आली, संशय उरला नाही, तू सांगतोस ते करीन, एवढंच तो बोलतो. निकालाबद्दल अवाक्षर नाही. आज ज्याला आत्मविश्वास म्हणतात, म्हणजे यश मिळणारच ही आतली खात्री, ती अठरा अध्यायांच्या शेवटीही त्याच्या बोलण्यात नाही. त्याला परत मिळाला तो धनुष्य उचलायचा निर्णय.

मलकापूरहून महामार्गाने पश्चिमेला निघालं की जिल्हा बदलतो आणि मुक्ताईनगर लागतं. जुनं एदलाबाद. इथल्याच पंचक्रोशीत, तापीकाठी मेहूणला विजेच्या लोळात मुक्ताबाई गुप्त झाली असं वारकरी मानतात. दरवर्षी आषाढीला मुक्ताईची पालखी बुलढाणा जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. तिच्या नावावर ताटीचे अभंग आहेत, आणि त्यामागची कथा अशी: लोकांच्या निंदेने, टोचून बोलण्याने ज्ञानदेव दुखावले, झोपडीत शिरले आणि दाराची ताटी लावून बसले. बाहेरून धाकटी बहीण त्यांना समजावते आहे, ताटी उघडा म्हणून विनवते आहे.

संतचरित्रातली ही गोष्ट गोड म्हणून सांगितली जाते. तिच्यातली धग कमी सांगितली जाते. ज्याने विश्वाचा विचार केला त्यालाही घाव बसतो, आणि घाव बसल्यावर तोही आत जाऊन दार लावतो. मुक्ताई त्याला ‘तुला काही लागलंच नाही’ असं म्हणत नाही. लोक चुकले हे ती धरूनच चालते. तिचं म्हणणं, घाव खरा आहे पण दार लावणं तुझ्या हातात आहे, त्यामुळे उघडणंही तुझ्याच हातात. ज्ञानदेवांचा विश्वास आधी परत येऊ दे, मग दार उघडतील, असं ती थांबत नाही. दार आधी उघडायचं आहे.

विदर्भातल्या असंख्य घरांत १९५६ नंतर बुद्धाची शिकवण रोजच्या जगण्याचा भाग झाली. तिथे याच अनुभवाची आणखी काटेकोर मांडणी मिळते. संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात बुद्ध दोन बाणांबद्दल बोलतात. शरीराला वेदना झाली, हा पहिला बाण. तो ज्ञानी-अज्ञानी सगळ्यांनाच लागतो. त्या वेदनेवर माणूस जो शोक, जी धडपड, जो तिटकारा रचतो, तो दुसरा बाण. शिकवण न मिळालेल्या माणसाला दोन्ही लागतात, मिळालेल्याला पहिलाच. बोटावर बसलेला चेंडू पहिला बाण. ‘तो पुन्हा तिथेच येईल’ हा दुसरा, आणि तो प्रत्येक पिचला नव्याने येतो.

आधुनिक वैद्यकातही या दुसऱ्या बाणाची खूण सापडते. क्लेअर आर्डर्न आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूंवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली निष्कर्ष मांडले. ८१ टक्के खेळाडू कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले. दुखापतीपूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के आले. स्पर्धात्मक खेळात मात्र ५५ टक्केच. ज्यांचा गुडघा तपासणीत ठीक ठरला त्यांतलेही बरेच जण परतले नाहीत. न परतण्याच्या कारणांत पुन्हा दुखापत होण्याची भीती वारंवार पुढे येते. सगळं खापर मनावर फोडणं चूकच, कारण त्यात वय असतं, पैसा असतो, संघातली जागा गेलेली असते. पण गुडघा बरा होणं आणि खेळाडू बरा होणं या दोन वेगळ्या तारखा असतात, एवढं त्यातून नक्की दिसतं.

त्या तारखांचा क्रम किती फसवा असतो हे सांगलीच्या स्मृती मानधनाने दाखवलं. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅशमध्ये ब्रिस्बेन हीटकडून खेळताना तिच्या गुडघ्याचा लिगामेंट दुखावला. पाच महिने ती क्रिकेटबाहेर होती आणि परतली ती थेट विश्वचषकाच्या तोंडावर. २४ जूनला डर्बीला यजमान इंग्लंडविरुद्ध ७२ चेंडूंत ९० धावा. २९ जूनला टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. वर्तमानपत्रांनी पुनरागमनाच्या कथा छापल्या. आणि मग? पाकिस्तानविरुद्ध २, श्रीलंकेविरुद्ध ८, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ४, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३, न्यूझीलंडविरुद्ध १३, उपांत्य सामन्यात ६ आणि लॉर्ड्सच्या अंतिम सामन्यात शून्य.

पहिल्या दोन डावांत १९६ आणि पुढच्या सात डावांत ३६. गुडघा तोच होता, बॅट तीच, बॅटरही तीच. दोन डाव बघून जो म्हणाला ‘आत्मविश्वास परत आला’, त्याला सात डावांनंतर काय म्हणायचं? आला तसा गेला? आत्मविश्वास ही साठवून ठेवायची चीज असती तर शतकाने ती कोठी भरायला हवी होती. मानधना त्यानंतरही सलामीलाच जात राहिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये किंबर्लीला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या लागोपाठच्या दोन एकदिवसीय सामन्यांत तिने ८४ आणि १३५ धावा केल्या, आणि ते वर्ष संपताना आयसीसीची वर्षातली सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरली. मधल्या महिन्यांत मनात काय चाललं होतं हे तिचं तिला ठाऊक. बाहेरून दिसतं ते एवढंच, की ताटी उघडी राहिली.

आता मूळ वादाकडे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९५ मध्ये एक उदाहरण दिलं होतं. डोंगर चढताना माणूस अशा जागी अडकला आहे, की भयंकर उडी मारल्याशिवाय सुटका नाही. उडी जमेल असा विश्वास असेल तर पायांत बळ येईल; शंका घेत बसला तर लटपटत उडी मारेल आणि दरीत जाईल. अशा काही बाबतींत विश्वासच सत्य घडवतो, म्हणून तिथे विश्वास आधी, असं जेम्स म्हणतात. प्रशिक्षकांच्या ‘कॉन्फिडन्स ठेव’चं हे सगळ्यात चांगलं समर्थन.

पण जेम्सच्या गिर्यारोहकाला एकच उडी मारायची असते. बॅटरला दर सामन्यात कितीतरी पिच खेळायच्या असतात, आणि चांगल्यातली चांगली बॅटरही दहातल्या सहा-सात वेळा बाद होते. प्रत्येक उडीआधी विश्वास गोळा करायचा आणि दहातल्या सहा-सात वेळा दरीत पडायचं, हा हिशोब कुठलंही मन फार दिवस चालवू शकत नाही.

स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा याच्या उलट बाजूने आले. सापाची पराकोटीची भीती असलेल्या माणसांवर त्यांनी प्रयोग केले. काहींना दुसरं कुणी साप हाताळताना नुसतं दाखवलं. काहींना सोबत राहून पायरीपायरीने स्वतः साप हाताळायला लावला: आधी खोलीच्या दारात उभं राहणं, मग पिंजऱ्याजवळ जाणं, मग हातमोजे घालून स्पर्श, मग उघड्या हाताने. नुसतं पाहिलेल्यांची भीती काहीशी उतरली, स्वतः हाताळलेल्यांची त्याहून पुष्कळ जास्त. १९७७ साली त्यांनी मांडलं, की ‘मला हे जमतं’ हा भाव चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहणं, दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी धीर देणं, आणि स्वतःच्या शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिली वाट सगळ्यांत पक्की. धीराचे शब्द म्हणजे आपल्याकडे जे पोत्याने मिळतात ते. त्यांचा रंग पहिल्याच स्ट्राइकआउटला उडतो.

मग कृती आधी, असा निकाल देऊन टाकायचा? पूर्ण नाही. सापाच्या खोलीच्या दारात उभं राहायलाही काहीतरी लागतं. त्या ‘काहीतरी’ला भारतीय परंपरेत श्रद्धा म्हटलं आहे. गीतेचा सतरावा अध्याय माणूस श्रद्धेचाच बनलेला असतो असं म्हणतो तेव्हा त्याला निकालाची खात्री अभिप्रेत नसावी. माणूस कशाला धरून उभा आहे, ते अभिप्रेत असावं. खात्री ही भविष्याबद्दल असते. श्रद्धेला भविष्य ठाऊक नसतं, तरी ती आज बॅटर्स बॉक्समध्ये उभी राहते, आणि भीती शेजारीच उभी असते म्हणून परत फिरत नाही. मराठीत भीती ‘चेपते’ असं म्हणतात. ती वापराने चेपते, वाट पाहून चेपत नाही.

वापर कसा करायचा, याचं सगळ्यात नेमकं उत्तर पतंजलींनी दिलं आहे. अभ्यास कधी पक्का होतो? दीर्घकाळ केला, खंड न पाडता केला आणि आदराने केला तर. पहिल्या दोन अटी कुठलाही प्रशिक्षक सांगेल. तिसरी अट दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूला सगळ्यात अवघड जाते. तिला पुन्हा टी-बॅटिंगपासून सुरुवात करावी लागते: कमरेइतक्या उंच रबरी नळीवर ठेवलेला निश्चल चेंडू, समोर जाळी. मग सॉफ्ट टॉस, म्हणजे बाजूला गुडघ्यावर बसलेल्या मैत्रिणीने हळूच वर फेकलेला चेंडू. मग तीस फुटांवरून निम्म्या वेगाची पिच. मग काही दिवस बॅट न फिरवता नुसतं उभं राहून चेंडू हातमोज्यात जाईपर्यंत पाहणं. हे सगळं तिने सहावीत असताना केलेलं असतं. राज्य खेळलेल्या पोरीला ज्युनियरच्या मुलींसमोर टीवर चेंडू मारताना लाज वाटते. मग ती पन्नास चेंडू भराभर, तोंड वाकडं करून मारते आणि ‘झालं’ म्हणते. पतंजलींच्या हिशोबाने ते पन्नास चेंडू अभ्यासात धरले जाणार नाहीत. पाय कुठे पडला, टाच फिरली का, डोकं चेंडूवर राहिलं का, हे बघत मारलेले पंधरा धरले जातील. पाय पळू नये म्हणून काही प्रशिक्षक पुढच्या पायाच्या बाहेर मातीत एक बॅट आडवी ठेवतात. पाय चुकला की तिच्यावर पडतो, ओरडावं लागत नाही.

देवाचा प्रश्न राहिलाच. नवस बोलून मैदानात उतरणाऱ्या खेळाडूंची थट्टा करायचं कारण नाही. पण नवस हा फळाचा सौदा आहे. हिट लागली तर नारळ. तो बोलला की मन त्या नारळालाच चिकटून राहतं. नामाचं तसं नाही. पिचर हात फिरवण्याआधी बॅटर एक पाय बॉक्सबाहेर काढते, श्वास सोडते, बॅटचं टोक प्लेटला टेकवते, पुन्हा आत येते. त्या श्वासावर एखादीने ‘गण गण गणात बोते’ म्हटलं, किंवा एखादीने त्रिशरण मनात आणलं, तर ते काहीही मागत नाही, मनाला बसायला जागा देतं. धर्माचा खेळाला होणारा खरा उपयोग हा एवढा असावा, आणि तो थोडा नाही.

पुनरागमनाच्या गोष्टी सांगताना एक लबाडी सर्रास होते. यशस्वी तेवढ्याच सांगितल्या जातात. जानेवारी १९८१ मध्ये सिडनीला शिवाजी पार्कच्या संदीप पाटीलच्या कानावर लेन पास्कोचा चेंडू आदळला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ६५ धावांवर त्याला जखमी होऊन मैदान सोडावं लागलं. तीन आठवड्यांत ॲडलेडला, हेल्मेट घालून, त्याच गोलंदाजांसमोर त्याने १७४ धावा झोडल्या. अंशुमन गायकवाडला १९७६ मध्ये किंग्स्टनला ८१ धावांवर मायकेल होल्डिंगचा चेंडू कानावर बसला, कानाचं ऑपरेशन झालं. १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध तो ६७१ मिनिटं खेळपट्टीवर उभा राहिला आणि २०१ धावा केल्या. दोन्ही कथा खऱ्या, दोन्ही अंगावर काटा आणणाऱ्या. पण मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथच्या चेंडूने कवटीला मार बसलेला भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर? त्याला वाचवायला फ्रँक वॉरेल, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी रक्त दिलं. तो वाचला, सावरला, पुन्हा बॅट घेऊन प्रथम श्रेणी क्रिकेट खेळला. कसोटी संघात मात्र त्याला पुन्हा कधीच घेतलं नाही. त्याचा अभ्यास कमी पडला, की श्रद्धा? दोन्ही म्हणवत नाही.

महाभारताला ही बाजू ठाऊक होती. मौसलपर्वात अर्जुनाचं गांडीव पुन्हा एकदा त्याला दगा देतं. कृष्ण गेलेला आहे, द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन अर्जुन निघाला आहे, वाटेत आभीर लुटारू हल्ला करतात. धनुष्याला प्रत्यंचा चढवतानाच त्याला कष्ट पडतात, अस्त्रं आठवत नाहीत, अक्षय भाते रिकामे होतात, डोळ्यांदेखत लुटालूट होते. खचलेला अर्जुन व्यासांकडे जातो. या वेळी कुणी अठरा अध्याय सांगत नाही. व्यास सांगतात, ती अस्त्रं ज्या कामासाठी आली होती ते काम झालं. आता निघायची वेळ आहे. पुढे महाप्रस्थानाला निघाल्यावर अग्नीच्या सांगण्यावरून अर्जुन गांडीव पाण्यात सोडून देतो.

एकाच धनुर्धराचे हात दोनदा गळाले. एकदा ‘ऊठ’ हे उत्तर होतं, एकदा ‘ठेव खाली’. आतून दोन्ही वेळा सारखंच वाटलं असणार, तीच कोरड, तोच कंप. त्यामुळे आपल्या वाट्याला आलेलं कुरुक्षेत्र आहे की मौसल, हे भावनेला विचारून कळत नाही. फरक एकच दिसतो: मौसलपर्वात अर्जुनाने धनुष्य उचललं होतं, प्रत्यंचा चढवली होती, बाण सोडले होते, आणि त्यानंतर तो व्यासांकडे गेला. पहिल्या वेळी तो धनुष्य उचलण्याआधीच बसला होता. ‘माझं संपलं’ असं म्हणण्याचा अधिकार पूर्ण स्विंग करून चुकलेल्याला आहे, आणि त्याने तो वापरला तर त्यात लाज नाही. सोळा वर्षांच्या मुलीबाबत तो निर्णय दोन सामन्यांवरून दुसऱ्या कुणी घेणं मात्र निव्वळ क्रूरपणा आहे, मग तो घेणारा निवड समितीत असो की घरात.

मलकापूर असो, नांदुरा असो की मुक्ताईनगर, तिथल्या शिक्षकांना आणि आई-वडिलांना एक विनंती. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिला महिनाभर मुलीला ‘भीती गेली का?’ आणि ‘किती हिट लागल्या?’ हे दोन्ही प्रश्न विचारू नका. पहिल्याचं खरं उत्तर ती देणार नाही आणि दुसऱ्याचं तिच्या हातात नाही. आज किती पिचवर बॅट पूर्ण फिरवली, एवढंच विचारा आणि वहीत तारखेपुढे लिहून ठेवा. तोंडाला जाळी असलेलं हेल्मेट तिच्या मापाचं आणून द्या. शाळेच्या पेटीतलं सैल हेल्मेट डोळ्यांवर घसरत असेल तर कुठल्याही गीतेने तिचा पाय पळायचा थांबणार नाही.